लांबून येण्याचा मान

१ मे १९८१. एकाच दिवशी दोन गोष्टी जन्माला आल्या, आणि दोन्हींशी माझा संबंध आला. पहिली म्हणजे आमचा जालना जिल्हा. बॅरिस्टर अंतुले तेव्हा मुख्यमंत्री होते. औरंगाबादचे जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हे चार तालुके आणि परभणीचा परतूर एकत्र करून हा जिल्हा झाला. (सिंधुदुर्गवाल्यांनी रागावू नये, त्यांचाही वाढदिवस हाच.) दुसरी गोष्ट म्हणजे अमेरिकन एअरलाइन्सची 'अ‍ॅडव्हांटेज' योजना. आपल्याच विमानाने वारंवार फिरणाऱ्याचे मैल मोजायचे, वहीत जमा करायचे आणि पुरेसे झाले की त्याला फुकट तिकीट द्यायचं. आज जगभर जिला फ्रीक्वेंट फ्लायर म्हणतात ती पद्धत खऱ्या अर्थाने रुजली ती इथून.

आता जालन्याचा आणि विमानाचा काय संबंध, असं कुणी विचारेल. आमच्या गावाला अजून प्रवासी विमान नाही. विमानतळ म्हणजे साठेक किलोमीटरवरचं चिकलठाणा, तेही औरंगाबादचं, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचं. पण बियाणं आणि लोखंडी सळया यांच्या जोरावर 'जालना, सोन्याचा पाळणा' ही म्हण खरी करणाऱ्या गावातून माणसं बाहेर पडायची थांबली नाहीत. त्यातली काही शिकून अमेरिकेत गेली. मी त्यातलाच एक, मुक्काम पोस्ट शिकागो. गावाकडे आई-वडील, इकडे नोकरी, आणि मधे साडेआठ हजार मैल. या मैलांचं मोल कसं ठरत गेलं आणि कसं उतरत गेलं, त्याचा हा इतिहास. नातेवाइकांपैकी बरेच जण विचारत असतात, "तुझ्याकडे ते कार्ड होतं ना रे, आता का नाही?" तर मंडळी, त्याचंही उत्तर यातच आहे.

थोडं मागे जायला हवं. अमेरिकेत १९७८ पर्यंत विमानाचं भाडं कंपनी ठरवत नसे. सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्ड नावाचं सरकारी मंडळ ते ठरवायचं, आणि शेवटच्या काही वर्षांत तर चक्क अंतराच्या सूत्रावरून. आपल्या एसटीच्या टप्प्यासारखंच म्हणा ना. इतके मैल, इतके डॉलर. ऑक्टोबर १९७८ मध्ये कायदा झाला, मंडळाचे हात बांधले गेले आणि भाडी मोकळी सुटली. नव्या स्वस्त कंपन्या आल्या. जुन्या कंपन्यांना प्रश्न पडला की आपलं रोजचं गिऱ्हाईक धरून ठेवायचं कसं? टेक्सास इंटरनॅशनल या कंपनीने १९७९ मध्ये मैल मोजायचा एक प्रयोग केला होता. पण अमेरिकन एअरलाइन्सकडे एक मोठं हत्यार होतं, 'सेबर' नावाची संगणकीय आरक्षण व्यवस्था. बॉब क्रँडल हे तिथले प्रमुख. त्यांच्या माणसांनी संगणकात एकच फोन नंबर पुन्हा पुन्हा कुठे येतो ते शोधलं आणि त्या गिऱ्हाइकांना पत्रं पाठवली. आठवडाभरात युनायटेडने आपली 'मायलेज प्लस' काढली. मग रांगच लागली.

यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्यांनी मोजायला मैल निवडले, डॉलर निवडले नाहीत. तीनच वर्षांपूर्वीपर्यंत मैल आणि डॉलर ही जवळपास एकच गोष्ट होती, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटलं नसणार. शिवाय मैल मोजणं सोपं. पण भाडी मोकळी झाल्यावर दोघांची वाट वेगळी झाली. शेजारच्या खुर्चीवरचा माणूस कंपनीच्या पैशाने तिप्पट भाडं देऊन बसलेला आणि मी चार महिने आधी स्वस्तातलं तिकीट शोधून बसलेलो, तरी दोघांच्या वहीत मैल साधारण सारखेच. कंपन्यांच्या हिशोबनिसांना हे पुढे फार खुपलं. पण तीसेक वर्षं ते तसंच चाललं, आणि त्या तीस वर्षांत परदेशी गेलेल्या आपल्या मराठी मध्यमवर्गाचं बरंच भलं झालं.

कसं ते सांगतो. या योजनेत खाती दोन असतात. एक खर्चायच्या मैलांचं, ज्यावर फुकट तिकीट मिळतं. दुसरं मानाच्या मैलांचं. कॅलेंडरच्या एका वर्षात ठराविक मैल उडलात की पुढच्या वर्षाला तुम्हाला स्टेटस, म्हणजे चांदीचं, सोन्याचं वगैरे कार्ड. अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांची पहिली पायरी कित्येक वर्षं एकच होती, २५,००० मैल. पुढे ५०,००० आणि तिथून आणखी वर.

आता शिकागो ते फ्रँकफर्ट ४,३०० च्या वर, फ्रँकफर्ट ते मुंबई ४,१०० च्या आतबाहेर. जाऊन-येऊन १६,८०० धरा. म्हणजे वर्षातून एकदा दिवाळीला किंवा उन्हाळ्यात घरी जाऊन आलं की पहिल्या पायरीचा दोन तृतीयांश रस्ता संपला! ऑफिसच्या कामाने सॅन फ्रान्सिस्कोच्या दोन खेपा झाल्या की २४,००० च्या पुढे. उरलेल्या सातआठशे मैलांसाठी डिसेंबरात डॅलसला कुणा मित्राकडे जायचं. अशा फक्त मैलांसाठी केलेल्या प्रवासाला 'मायलेज रन' असा शब्दच होता. आमच्यातला एक जण सकाळी विमानाने जाऊन, विमानतळावरच इडलीचा डबा खाऊन, संध्याकाळी परत आला होता. बायकोने विचारलं, "काय पाहिलंत?" तर म्हणे, "गेट नंबर बावीस." :)

हसू नका. त्या चांदीच्या कार्डाचा उपयोग काय होता, ते जालन्याहून निघताना कळायचं. भारतातून येताना दोन बॅगा, प्रत्येकी २३ किलो. कार्ड असलं की त्याच बॅगेत ३२ किलो चालायचे. म्हणजे अठरा किलो जास्त! अठरा किलो म्हणजे किती, ते मराठवाड्यातल्या आईला विचारा. येसर, काळा मसाला, कुरडया, सांडगे, शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचं पीठ आणि शिवाय "हे एवढंसंच आहे, बसंल की" असं म्हणून शेवटी कोंबलेलं गाठोडं. आमच्याकडे बॅग भरण्याचा कार्यक्रम आदल्या रात्री बारापर्यंत चालायचा. अण्णा स्प्रिंगचा काटा धरून बसायचे आणि आई काटा बघायलाच तयार नसायची.

सोन्याचं कार्ड मला आयुष्यात दोनदाच मिळालं, ज्या वर्षी घरच्या कारणाने दोन-दोन खेपा कराव्या लागल्या तेव्हा. त्यातल्या एकदा आई बरोबर होती. फ्रँकफर्टला सहा तास थांबायचं होतं आणि त्या कार्डावर एका सोबत्याला लाउंजमध्ये नेता यायचं. आई तिथे पाय वर करून चार तास झोपली. गुडघे दुखणाऱ्या बाईला फ्रँकफर्टच्या विमानतळावर चार तास आडवं व्हायला मिळणं, याची किंमत मी डॉलरमध्ये कधी केली नाही.

खर्चायच्या मैलांची गोष्ट आणखी मोठी. त्या काळात अमेरिका–भारत परतीचं फुकट तिकीट सुमारे ८०,००० मैलांत मिळायचं. म्हणजे आपल्या पाच खेपांमध्ये आईचं किंवा अण्णांचं एक तिकीट सुटायचं. क्रेडिट कार्डाचे मैल धरले तर (अमेरिकन आणि सिटीबँकेचं मैल देणारं कार्ड १९८७ मध्येच आलं होतं) आणखी लवकर. आमच्या ओळखीतल्या कितीतरी घरांमध्ये बाळंतपणाला आलेली आजी अशी मैलांवर आली आहे. आपण गावी गेलो, त्या जाण्यातूनच गावाला इकडे आणायची सोय व्हायची. हिशोब कसा सरळ होता.

भारतात काय चाललं होतं? १९९४ मध्ये एअर कॉर्पोरेशन कायदा रद्द झाला, सरकारी मक्तेदारी कायद्याने संपली, आणि त्याच वर्षी एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्सची 'फ्लाइंग रिटर्न्स' सुरू झाली. जेट एअरवेजची 'जेट प्रिव्हिलेज' तर जालन्याच्या व्यापाऱ्यांच्या पाकिटात असायचीच. निळं, निळं अधिक, चांदी, सोनं, प्लॅटिनम अशा त्यांच्या पायऱ्या. माझे एक मामा बियाण्याच्या धंद्यात, चिकलठाण्याहून मुंबई आणि तिथून पुढे दिल्ली, हैदराबाद असं त्यांचं सतत चालायचं. ते लग्नात भेटले की आधी कार्ड दाखवायचे, मग आहेर द्यायचे. किंगफिशरचीही योजना होती, पण २०१२ च्या ऑक्टोबरात परवाना स्थगित झाला आणि लोकांचे पॉइंट त्या लाल खुर्च्यांबरोबरच गेले. जेट १७ एप्रिल २०१९ ला थांबली. तिची मैलांची योजना मात्र वेगळ्या कंपनीत होती आणि तिच्यात निम्म्याहून थोडा जास्त हिस्सा एतिहादचा होता, म्हणून ती तगली आणि त्याच वर्षी 'इंटरमाइल्स' झाली. विमान गेलं आणि मैल उरले, असा हा प्रकार. इंडिगोने मात्र २००६ पासून तब्बल अठरा वर्षं अशी कुठली योजनाच काढली नाही आणि तरी देशातली सगळ्यात मोठी कंपनी झाली. मामांचं म्हणणं, "वेळेवर सोडतात, आणखी काय पाहिजे?" यावर विमान कंपन्यांच्या मोठमोठ्या सल्लागारांनी विचार करायला हवा होता.

असो. तर अमेरिकेत हिशोब कधी उलटला? स्वस्त भाड्याच्या कंपन्यांनी आधी सुरुवात केली. जेटब्लू २००९ मध्ये, साउथवेस्ट २०११ मध्ये खर्चावर पॉइंट देऊ लागल्या. मोठ्यांमध्ये पहिलं पाऊल डेल्टाने टाकलं. जानेवारी २०१३ मध्ये त्यांनी जाहीर केलं की १ जानेवारी २०१४ पासून मानासाठी मैलांबरोबर डॉलरही लागतील. पहिल्या पायरीला २५,००० मैल आणि २,५०० डॉलर. काही महिन्यांत युनायटेडनेही तेच आकडे जाहीर केले. अमेरिकन एअरलाइन्स सावकाश आली, २०१७ पासून, ३,००० डॉलर घेऊन.

गंमत म्हणजे या अटीतून एक वर्ग सुटला होता. डेल्टा आणि युनायटेड दोघींनीही अमेरिकेबाहेरचा पत्ता असलेल्या सभासदांना सुरुवातीची काही वर्षं डॉलरची अट लावली नाही. आमच्या कट्ट्यावर तेव्हा एकच विनोद चालायचा. जन्मभर फॉर्मवर "जालना? विच स्टेट?" ऐकून घेतलं, आता पहिल्यांदाच जालन्याच्या पत्त्याला भाव आला! अर्थात तो पत्ता तिथे खरोखर राहणाऱ्याचाच असावा लागायचा, म्हणून विनोद विनोदच राहिला.

मानाचे मैल असे आवळले, आणि पाठोपाठ खर्चायचे मैलही. डेल्टा जानेवारी २०१५, युनायटेड मार्च २०१५, अमेरिकन ऑगस्ट २०१६. साध्या सभासदाला तेव्हा मैलाला मैल नाही, तर डॉलरमागे पाच मिळू लागले. माझं भारताचं तिकीट कर वगळता अकराशे डॉलरच्या आसपास असायचं. म्हणजे ५,५०० मैल. जिथे आधी १६,८०० पडायचे तिथे ५,५००! ८०,००० व्हायला पाच खेपांऐवजी जवळपास पंधरा. वर्षातून एक खेप धरली तर पंधरा वर्षं. ज्यांची आई सत्तरीची आहे त्यांनी हा भागाकार स्वतःच करून पाहावा.

पुढे तर मैल नावापुरतेच राहिले. युनायटेडने २०२० पासून मानाच्या खात्यातून मैल साफ काढून टाकले. पहिल्या पायरीला ५,००० पॉइंट, किंवा बारा उड्डाणं असतील तर ४,०००, आणि पॉइंट म्हणजे ढोबळमानाने डॉलरच. करोनामुळे मधे सवलती दिल्या, मग आकडे पुन्हा वर गेले. अमेरिकनने २०२२ मध्ये 'लॉयल्टी पॉइंट' आणले, ज्यात क्रेडिट कार्डावर केलेली किराणा खरेदीसुद्धा मानात धरली जाते. विमानात पाऊल न ठेवता विमान कंपनीचा मानकरी! डेल्टाने सप्टेंबर २०२३ मध्ये २०२४ पासून फक्त डॉलर असं जाहीर केलं, पहिली पायरी ६,००० ची आणि सर्वात वरची ३५,००० ची. एवढा गदारोळ झाला की प्रमुख एड बॅस्टियन यांनी जरा अतीच झालं असं जाहीरपणे कबूल केलं, आणि आकडे ५,००० आणि २८,००० वर आले. मैल मात्र परत आले नाहीत.

माझी कंपनी कुठली ते इथे लिहीत नाही. पण एकाच खेपेचा हिशोब पाहा. २०१३ पर्यंत ती खेप पहिल्या पायरीच्या सदुसष्ट टक्के होती. २०१४ च्या डॉलरच्या अटीत तीच चव्वेचाळीस टक्के. आणि पाच हजारांच्या अटीत बावीस टक्के. खुर्ची तीच, सोळा-सतरा तास तेच, घरचं दार तेवढंच लांब. मला ईमेल आलं त्यात लिहिलं होतं की आमच्या सर्वात निष्ठावान प्रवाशांना अधिक चांगली सेवा देता यावी म्हणून हे बदल. आता निष्ठा म्हणजे काय हे कोण ठरवणार? वीस वर्षं एकाच कंपनीने घरी जाणारा, की एका वर्षात कंपनीच्या पैशाने पुढच्या रांगेत बसून दोनदा लंडनला जाणारा? पंढरीच्या वाटेवर "कितवी वारी?" असं विचारतात, या वारीला खर्च किती आला हे कुणी विचारत नाही. पण विमान कंपनी म्हणजे दिंडी नव्हे, हेही मला कळतं.

आणि त्यांची बाजू अगदीच खोटी नाही. पुढच्या रांगेतल्या दोन माणसांच्या पैशावर मागच्या दहा जणांचं स्वस्त तिकीट निघतं. मागच्या खुर्चीवाल्यांनी मैलांच्या जोरावर पुढच्या खुर्च्या पटकवायच्या, हे किती दिवस चालणार होतं? पण खरी गोम दुसरीकडे आहे असं मला वाटतं. २०२० मध्ये विमानं जमिनीवर बसली तेव्हा युनायटेडने आपली मैलांची योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले, डेल्टाने ९ अब्ज, आणि पुढच्या वर्षी अमेरिकनने १० अब्ज. योजना तारण ठेवली! आपल्याकडे शेत गहाण ठेवतात तशी. कारण बँका कार्डांसाठी या कंपन्यांकडून मैल घाऊक विकत घेतात आणि त्यातून बारमाही पैसा येतो. ज्या वहीत प्रवाशाचं अंतर लिहायचं म्हणून सुरुवात झाली, ती वही आता स्वतःच एक धंदा आहे.

भारतातही हेच वारं आलं. विस्तारा तर २०१५ पासून रुपयांवरच मोजायची. टाटांकडे गेल्यावर एअर इंडियाने एप्रिल २०२४ मध्ये फ्लाइंग रिटर्न्स बदलून खर्चावर आणली, नोव्हेंबरात विस्तारा विलीन झाल्यावर तिचं 'महाराजा क्लब' झालं. जुन्या योजनेत 'महाराजा क्लब' ही सगळ्यात वरची पायरी होती, आता ते सगळ्या योजनेचंच नाव, त्यामुळे मामांचा गोंधळ उडालाय. आपण महाराजा झालो असं त्यांना वाटलं होतं. इंडिगोनेही २०२४ मध्ये 'ब्लूचिप' काढली, तीही रुपयांवर. ब्रिटिश एअरवेज एप्रिल २०२५ पासून पौंडांवर, म्हणजे लंडनच्या आमच्या मावसबहिणीचीही तीच गत.

अंतराचा धागा अगदीच तुटलाय असं नाही. डेल्टा आणि युनायटेडमध्ये भागीदार कंपनीने काढलेल्या तिकिटावर अजून अंतर धरतात, पण त्याला पाचाने, सहाने भागून किंवा त्याचे काही टक्के काढून. अलास्का एअरलाइन्स मात्र शेवटपर्यंत मैल मोजत राहिली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिने 'अ‍ॅटमॉस' नावाची नवी योजना आणली, त्यात सभासदानेच निवडायचं की माझं अंतर मोजा, पैसे मोजा की उड्डाणं मोजा. वाचून बरं वाटलं. फक्त अलास्काचं विमान भारतात येत नाही.

परवा भाच्याचा फोन आला होता. नुकताच डॅलसला नोकरीला लागलाय, विचारत होता, "मामा, कुठल्या एअरलाइनला धरून राहू?" त्याला सांगितलं, कुणालाच धरू नकोस. एका थांब्याचं, त्यातल्या त्यात स्वस्त तिकीट बघ, आणि मुंबईला दुपारपर्यंत उतरशील असं बघ. म्हणजे रात्रीची देवगिरी धावतपळत पकडावी लागत नाही, आणि पहाटे जालन्याच्या स्टेशनवर आजोबा येतात तेव्हा त्यांना ताटकळत बसावं लागत नाही.